सान पेद्रोचा डावा पाय

ईस्टर होऊन चार दिवस झाले होते. फेमिंग, बेटावरच्या सगळ्यांची मानांग म्हणजे ताई, एका होडीखाली उताणी पडून तळाचे सांधे इपॉक्सी राळेने बुजवत होती, तेवढ्यात चर्चची घंटा वाजवणारा गोरियो धापा टाकत शेडपाशी आला.

"मानांग, फादरनी बोलावलंय. आत्ताच्या आत्ता."

"का? त्यांची होडी गळतेय?"

"होडी नाही. सान पेद्रो."

"सान पेद्रोचं काय?"

"गळतोय," गोरियो म्हणाला आणि आपण काय बोलून बसलो हे कळून त्याने घाईघाईने छातीवर क्रुसाची खूण केली.

फेमिंग होडीखालून सरपटत बाहेर आली. कपातली राळ घट्ट व्हायला अजून दहा मिनिटं होती. कालवलेली राळ वाया घालवायची नाही हा तिचा नेम, म्हणून देव गळत असला तरी आधी तिने उरलेला सांधा भरला, ब्रश पुसला, हातमोजे काढले आणि मगच निघाली.

लामिंताओ बेटावर सान पेद्रोशिवाय, म्हणजे कोळ्यांच्या रक्षक संताशिवाय, पान हलत नव्हतं. दर वर्षी एकोणतीस जूनला कोळी त्याची मूर्ती खांद्यावर घेऊन छातीभर पाण्यात शिरत आणि तिला तीनदा बुडवून वर काढत. त्याशिवाय त्या हंगामाचं जाळं पाण्यात पडत नसे. मूर्ती मोलावेच्या टणक लाकडाची, चार फूट उंच. उजव्या हातात किल्ल्या, डाव्या हातात मासा. कोणाच्या पणजोबांनी कोरली याबद्दल बेटावरची तीन घराणी अजून भांडत होती.

फादर लिबोरियो वयाने तरुण, वर्षभरापूर्वीच बेटावर आलेले. त्यांनी मूर्ती आतल्या खोलीतल्या टेबलावर निजवली होती. दवाखान्यातल्या रोग्यासारखा सान पेद्रो छताकडे बघत पडला होता, आणि त्याच्या डाव्या टाचेखालच्या बशीत तांबूस पाणी साठलं होतं.

"ईस्टरच्या मिरवणुकीहून आणला तेव्हापासून ठिबकतोय," फादर म्हणाले. "बायका म्हणतात चमत्कार आहे. दोघीतिघींनी बाटल्या आणल्यात भरून न्यायला. खरं सांगा, हे काय आहे?"

फेमिंगने बोटाचं पेर वाकवून मूर्तीच्या कपाळावर टकटक केलं. आवाज खणखणीत आला. छातीवर आला, गुडघ्यावर आला. घोट्याखाली मात्र भिजलेल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखा 'भद्' असा आवाज झाला.

"चमत्कार नाही, फादर. कुजलाय. वरचं हे चकचकीत कोणी चढवलं?"

फादरना ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते बेटावरच्या बाईसाहेब, दोन्या साल्वासियोन यांना. मूर्ती सांभाळण्याचा मान त्यांच्या घराण्याकडे तीन पिढ्या होता. सान पेद्रोचे कपडे त्या शिवत, फुलं त्या लावत, सणाचं जेवण त्यांच्या घरी होई. पाच वर्षांपूर्वी त्यांचे शहरातले भाऊ डॉन सेवेरिनो बेटावर आले होते. मूर्तीच्या पायांना चिरा पडताहेत असं बघून त्यांनी न्हाणीघरातले टब बनवणारा एक कारागीर आणला. सण दोन दिवसांवर होता. त्या माणसाने कंबरेपासून खाली काचेचं कापड गुंडाळून वरून पॉलिएस्टर राळ चोपडली. सान पेद्रो आरशासारखा चमकायला लागला आणि सगळं बेट खूश झालं.

फेमिंग त्या वेळी तिथे उभी होती. तिला काहीतरी खटकलं होतं. पण होडीला डिंक लावणाऱ्या बाईला कोण विचारणार? गेली सत्तावीस वर्षं ती आणि तिचा नवरा आंबो होड्या बांधत होते. आंबो लाकूड जोडायचा, ती त्यात पाणी शिरू द्यायची नाही. गिऱ्हाईक यायचं, होडीच्या पोटावर थाप मारून आंबोला मानोंग, म्हणजे दादा, म्हणत बोलायचं, "वा, मानोंग आंबो, काय होडी बांधलीत!" तिची सगळी मेहनत रंगाखाली असायची. होडी गळली असती तरच तिचं नाव निघालं असतं. ती कधी गळली नाही, त्यामुळे ते कधी निघालंही नाही.

दुपारी फादरांच्या अंगणात बैठक बसली. गावचे मुख्य, कापितान नेमेसियो, यांच्याकडे या वर्षीच्या सणाचं यजमानपद होतं. ते तयारीनिशी आले होते.

"हे बघा, लाकडाचे दिवस गेले," ते म्हणाले. "मी शहरात बोललोय. फायबरचा सान पेद्रो. हुबेहूब असाच. वजन फक्त बारा किलो! न कुजणार, न फुटणार. जूनच्या दहा तारखेला बेटावर हजर."

"बारा किलो?" मागे उभ्या असलेल्या आंबोने विचारलं. "आतून पोकळ असेल."

"असणारच. फायबर आहे तो."

"मग त्याला पाण्यात बुडवणार कसा, कापितान? पोकळ आहे, तो तरंगणार. हात सुटला तर थेट पलवान बेटाला निघून जाईल. मग तुम्ही आपले किनाऱ्यावरून हाका मारत बसा."

अंगणात हशा पिकला. कापितानांना मात्र हसू आलं नाही.

"तुम्हाला चेष्टा सुचतेय. तुमच्या बायकोला करता येत असेल दुरुस्ती, तर सांगा तसं!"

सगळ्यांनी फेमिंगकडे पाहिलं. तिच्या हाताला राळेचे वाळलेले ठिपके होते. ते नखाने खरवडत ती उभी होती.

"करता येईल," ती म्हणाली. "पण घाई करून नाही. वरचं सगळं कवच काढावं लागेल. मग त्याला वाळू द्यावं लागेल. पुरता."

आतापर्यंत गप्प बसलेल्या दोन्या साल्वासियोन ताठ झाल्या. वय अठ्ठ्याहत्तर, पण आवाज अजून करकरीत.

"कवच काढणार? ते माझ्या भावाने दिलेलं दान आहे. आणि तू कोण? होड्यांचे तळ सारवणारी! त्या हातांनी तू संताला शिवणार?"

फेमिंगच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. तिने मोठ्या बाईला उलट उत्तर कधी दिलं नव्हतं.

"दोन्या," ती हळू पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "सान पेद्रो कोण होता? कोळीच ना? त्याची होडीही कोणीतरी सारवलीच असेल. त्याला माझ्या हातांचा वास ओळखीचा असेल. तुमच्या अत्तराचा नसेल."

फादर खाली बघून ओठ चावत होते. मग दोन्याबाईंनी हातातला पंखा मिटला.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पण मी समोर बसणार. रोज."

दुसऱ्याच दिवशी त्या आल्या. खुर्ची, छत्री, जपमाळ आणि पाण्याची बाटली घेऊन त्यांनी होड्यांच्या शेडमध्ये ठाण मांडलं. आंबोने त्यांच्यासाठी लाकडाचा भुसा झाडून जागा करून दिली.

फेमिंगने मांडीपासून सुरुवात केली. पातळ पटाशी कवचाखाली घातली आणि जरा उचकटलं, तर हातभर तुकडा पापडासारखा सुटून आला. आतलं लाकूड काळपट आणि ओलसर होतं. डाव्या घोट्यापाशी येताच ती थांबली. तिथे तिने मागून टाचेवर एकच सरळ काप दिला आणि दोन्ही हातांनी हलकेच ओढलं. पायातून मोजा निघावा तसं अख्खं कवच निघून आलं. त्याबरोबर तांब्याभर पाणी भळकन जमिनीवर सांडलं. पाच वर्षं साठलेल्या खाऱ्या पाण्याचा वास शेडभर पसरला. डावं पाऊल उरलंच नव्हतं. भिजलेल्या पावासारखा लगदा होता, आणि त्यात बोटं कुठली हेही कळत नव्हतं.

दोन्या साल्वासियोनची जपमाळ थांबली. त्या उठून जवळ आल्या, त्या लगद्याकडे बघत राहिल्या.

फेमिंगला बोलून घेता आलं असतं. बैठकीतलं 'होड्यांचे तळ सारवणारी' अजून कानात होतं. पण म्हाताऱ्या बाईच्या हनुवटीला सुटलेला कंप तिला दिसला.

"राळ वाईट नव्हती, दोन्या," ती म्हणाली. "पॉलिएस्टर मीही वापरते, बर्फाच्या पेट्यांना. पण लाकडाला ती मनापासून धरत नाही, नुसती वर बसते. त्यातून खाली लाकूड ओलं होतं. आतलं पाणी बाहेर पडेना, आणि वर एक बारीक चीर गेली की बाहेरचं आत येत राहिलं."

"दोन दिवसांत करून द्या, असं मीच म्हणाले होते," दोन्याबाई म्हणाल्या. "सेवेरिनो नाही. मी."

फेमिंगने ते पावलाचं कवच धुऊन सावलीत पालथं घातलं.

मग वाळवण्याचं काम सुरू झालं, आणि ते कोणाला काम वाटेचना. कुजलेलं सगळं तिने कोरून, खरं लाकूड लागेपर्यंत मागे नेलं. मूर्ती शेडच्या वाऱ्याच्या बाजूला, उन्हाबाहेर टांगली, कारण उन्हात घाईने वाळलेलं लाकूड तडकतं. रोज सकाळी सहाला ती मोठे मासे तोलायचा काटा तुळईला अडकवायची आणि सान पेद्रोला काखेत दोरी घालून त्याला लटकवायची. पहिल्या दिवशी भरला शेहेचाळीस किलो. आकडा खडूने भिंतीवर लिहिला.

"लाकूड कोरडं झालंय का हे हाताला कळत नाही," तिने दोन्याबाईंना सांगितलं. "काट्याला कळतं. वजन उतरायचं थांबलं की समजायचं, आत सोडायला पाणी उरलं नाही."

हळूहळू बेटाला याचा नाद लागला. पहाटे समुद्रावरून परतणारे कोळी होडी ओढता ओढता ओरडायचे, "मानांग, आज किती?"

"सव्वात्रेचाळीस!"

"अरे वा, उपास चांगलाच मानवलाय त्याला!"

"तुमच्या बायकोलाही टांगा एकदा, मानोंग आंबो!"

"तिला टांगलं तर काटा तुटेल," आंबो म्हणायचा, आणि फेमिंग त्याच्या दिशेने पॉलिश पेपरचा तुकडा भिरकवायची. दोन्या साल्वासियोन हसू लपवायला पंखा तोंडापुढे धरायच्या. पंधरा दिवसांत त्या घरून चिकट भाताचे सुमान आणू लागल्या आणि ते तिघे मिळून खाऊ लागले. महिन्याभरात काट्याचा आकडा त्या स्वतःच वाचू लागल्या, आणि फेमिंगने चष्मा न लावता वाचला तर तिची चूक काढू लागल्या.

जूनच्या दोन तारखेला ढग भरून आले. काटा चाळीस दाखवत होता. कापितान नेमेसियो हातातल्या फोनवर हवामानाचा नकाशा घेऊनच शेडमध्ये शिरले.

"मानांग, आठवडाभर पाऊस सांगितलाय. आता लावून टाका काय लावायचं ते."

"वजन अजून उतरतंय."

"किती? रोजचं शंभर ग्रॅम? शंभर ग्रॅमनी काय बिघडतं?"

"मागच्या खेपेला जे बिघडलं, तेच."

"सणाला सत्तावीस दिवस राहिलेत. नंतर रंगाऱ्याला दोन आठवडे हवेत. तुम्ही अडवून धरलंत तर माझा फायबरचा येतोय दहा तारखेला. तो पाण्यात जाईल आणि तुमचा हा इथेच लोंबकळत राहील. गावाला मी काय तोंड दाखवू?"

फेमिंगने ब्रश हातात घेतला. कापितानांना वाटलं, ऐकलं हिने. तिने तो ब्रश त्यांच्या हातात दिला.

"घ्या. तुम्ही लावा. राळ तिथे डब्यात आहे, दोन भागांना एक भाग हार्डनर. पण मग मी लावली असं कोणाला सांगू नका. ओल्या लाकडाला माझा ब्रश लागणार नाही. सत्तावीस वर्षांत लागला नाही. संत असला म्हणून आता लागणार नाही."

कापितान ब्रश धरून उभेच राहिले. तो कुठे ठेवावा हेही त्यांना कळेना. खुर्चीतून दोन्या साल्वासियोनचा आवाज आला.

"नेमेसियो, तो ब्रश खाली ठेव आणि घरी जा. माझ्या घाईचं पाणी त्याच्या पायातून वाहताना मी या डोळ्यांनी पाहिलंय. तुझ्या घाईचं पाहायला मी उरणार नाही, पण हे बेट उरेल."

कापितान गेले. पाऊस आला तेव्हा आंबोने शेडच्या बाजूंना नायलॉनचे पडदे लावले, दोन विजेचे पंखे आणून जोडले, आणि फेमिंग काट्याकडे बघत राहिली. एकोणचाळीस किलो सातशे. सहाशे. चारशे. मग सलग पाच दिवस सकाळी चारशेच.

दरम्यान पावलाचं काय करायचं हा प्रश्न होता. आंबो होडीचा कणा डोळे मिटून घडवायचा, पण माणसाच्या पायाची बोटं त्याने कधी कोरली नव्हती. त्याने एक करून पाहिलं.

"हे काय आहे?" दोन्याबाईंनी विचारलं.

"अंगठा."

"हा रताळ्यासारखा दिसतोय. त्याचं अंगठ्याशेजारचं बोट लांब होतं आणि करंगळी आत वळलेली होती. लहानपणापासून मी त्या बोटांचं चुंबन घेतलंय, मला विचार."

फेमिंगचं लक्ष कोपऱ्यात पालथ्या पडलेल्या कवचाकडे गेलं. तिने ते उचललं, उजेडाकडे धरलं आणि आत बोट घातलं. मग दोन्याबाईंचा हात धरून त्यांचंही बोट आत नेलं. पाच वर्षांपूर्वी, पाऊल शाबूत असताना, राळ त्यावर घट्ट बसली होती. आतल्या बाजूला एकेक बोट, एकेक नख, करंगळीचं वळणसुद्धा जसंच्या तसं उमटलेलं होतं.

"आहे की," दोन्याबाई पुटपुटल्या. "सगळी आहेत."

"तुमच्या भावाचं दान फुकट गेलं नाही," फेमिंग म्हणाली.

आंबोने मोलावेचाच एक ठोकळा घेऊन पावलापेक्षा थोडा लहान गाभा घडवला आणि तो खुंट्यांनी पायाला जोडला. फादरांनी वेदीवरच्या मेणबत्त्यांची थोटकं दिली. त्यांचं मेण फेमिंगने कवचाच्या आत चोळलं, म्हणजे राळ कवचाला चिकटणार नाही. मग मोलावेचा भुसा रव्यासारखा बारीक चाळून इपॉक्सीत कालवला, कवच गाभ्यावर चढवलं आणि मधल्या फटीत हळूहळू, हवेचा बुडबुडा राहणार नाही असं ओतलं. दुसऱ्या दिवशी कवच उतरवलं तेव्हा आत सान पेद्रोचं पाऊल होतं. फक्त रंग मधासारखा. दोन्या साल्वासियोन खाली वाकल्या आणि तिथल्या तिथे त्याच्या लांब बोटावर ओठ टेकवले.

"भुसा लागला तोंडाला," आंबो म्हणाला.

"लागू दे," त्या म्हणाल्या.

राळ पाजायचा दिवस फेमिंगने स्वतः ठरवला. पाऊस उघडला होता. दुपारी दोन तास तिने मूर्ती उन्हात ठेवली, लाकूड हाताला चांगलं कोमट लागेपर्यंत. चार वाजता सावलीत आणली आणि मगच पहिला हात द्यायला घेतला. गरम लाकूड निवताना आत श्वास ओढतं. त्याच वेळी राळ लावली की ते ती पोटात घेतं. तापत असताना लावली तर आतली हवा बुडबुडे काढत बाहेर येते. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. पहिल्या तीन होड्या बुडबुड्यांनी नासल्या, तेव्हा तिने स्वतः शोधून काढलं होतं.

तिने उजव्या पायाच्या तळव्याकडून सुरुवात केली, कारण लाकडाच्या नळ्यांची तोंडं तिथे उघडी असतात आणि सगळ्यात जास्त पाणी तिथूनच चढतं. पातळ राळ ब्रशने टेकवली की डोळ्यांदेखत नाहीशी व्हायची. पुन्हा लावली, पुन्हा नाहीशी. सहा वेळा.

"पितोय," दोन्याबाई म्हणाल्या.

"तहानलेला आहे," फेमिंग म्हणाली. "आता एकदा प्याला की पुन्हा पाण्याकडे बघणार नाही."

सातव्या वेळी तळवा ओला राहिला, चमकला. लाकडाच्या रेषा मधाखाली दिसाव्यात तशा उठून आल्या. पुढच्या दोन दिवसांत तिने आणखी तीन हात दिले. दमट हवेत वाळलेल्या राळेवर मेणासारखा ओशट पापुद्रा धरतो. प्रत्येक हातानंतर तो तिने पाण्याने धुतला, घासला, पुसला. शेवटी मूर्ती उभी केली तेव्हा ती बाजूला झाली आणि कंबरेवर हात ठेवून बघत राहिली. मूर्ती खरोखर सुंदर झाली होती. एवढं सुंदर तिचं कुठलंच काम झालं नव्हतं, आणि उद्या रंगारी येऊन ते झाकणार होता. झाकायला हवंच होतं, उन्हाने उघडी इपॉक्सी वर्षभरात पिवळी पडून भुकटी होते.

"थांब," आंबो म्हणाला. तो घरात गेला आणि सणासुदीला घालायचा तिचं निळं पोलकं घेऊन आला. "हे घाल. रंगारी यायच्या आत तुझा आणि त्याचा फोटो काढतो."

"वेडा झालास का?"

"सत्तावीस वर्षं माझे फोटो निघताहेत होड्यांबरोबर," आंबो म्हणाला. "घाल गुपचूप."

सणाच्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं. कापितानांचा फायबरचा सान पेद्रोही आला होता. वाऱ्याने दोनदा पडल्यामुळे त्याला बर्फाच्या कारखान्याच्या दारात वाळूची पोती लावून उभा केला होता. खरा सान पेद्रो नव्या रंगात, लाल झग्यात, सहा कोळ्यांच्या खांद्यावरून किनाऱ्याला आला. फेमिंग निळ्या पोलक्यात वाळूवर उभी होती. ज्या पाण्यात तिच्या शेकडो होड्या उतरल्या होत्या, त्याच पाण्याकडे बघताना आज ती पोलक्याची कड बोटांत पिळत होती.

कोळी छातीभर पाण्यात गेले. फादरनी हात उंचावला. मूर्ती पाण्याखाली गेली, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी कोळ्यांनी तिला जरा जास्तच वेळ खाली धरलं, की फेमिंगलाच तसं वाटलं. मग सान पेद्रो वर आला. अळवाच्या पानावरून घरंगळावं तसं पाणी त्याच्या पायांवरून घरंगळलं. पाय कोरडे दिसू लागले. दर वर्षी बाहेर काढल्यावर मूर्ती भिजून जड व्हायची आणि आणखी दोघे खांदा द्यायला धावायचे. यंदाही दोघे धावले, पण सहांपैकी पुढचा कोळी ओरडला, "नको! गेला तसाच आलाय! थेंबभर प्याला नाही!"

किनाऱ्यावर आरोळी उठली. कापितानांनी ध्वनिक्षेपक हातात घेऊन सगळ्यांचे आभार मानले. दोन्याबाईंचे, फादरांचे, रंगाऱ्याचे, वाजंत्रीवाल्यांचे, आणि "आपल्या गावचे कुशल होडी कारागीर मानोंग आंबो यांचे". शेजारच्या माणसाने आंबोच्या पाठीवर थाप मारली. "वा, मानोंग, काय काम केलंत!"

"मी लाकूड तासलं," आंबो मोठ्याने म्हणाला, ध्वनिक्षेपकाची गरज नव्हती. "पाणी अडवलं ते हिने. ही उभी आहे निळ्या पोलक्यात. बघून घ्या सगळ्यांनी नीट!"

लोक वळले. फेमिंगला वाळूत शिरावंसं वाटलं, पण तिने मान खाली घातली नाही. बघू देत. पुढचा तो कोळी अजून पाण्यातच होता. त्याने ओला हात कपाळाला लावून तिला सलाम केला आणि मग किनाऱ्यावरच्या बायकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

जेवण दोन्या साल्वासियोनच्या घरी होतं. दिवाणखान्यात मधोमध सान पेद्रो उभा आणि भोवती टेबलं. दोन्याबाईंनी फेमिंगला आपल्या शेजारी बसवलं. भाजलेल्या डुकराची खरपूस साल तिच्या ताटात आधी वाढली गेली. इतक्यात शहरातून डॉन सेवेरिनो आले. पांढरा शर्ट, सोन्याचं घड्याळ. आल्याआल्या त्यांनी सान पेद्रोच्या पावलावरून अंगठा फिरवला आणि खूश होऊन बहिणीकडे वळले.

"बघितलंस, सालिंग? पाच वर्षं झाली! अजून कसं घट्ट आहे. मी सांगितलं नव्हतं तुला, शहरातलं काम वेगळंच असतं म्हणून?"

आंबो पान्सितच्या, शेवयांच्या वाटीत तोंड घालून बसला. दोन्या साल्वासियोननी चमचा खाली ठेवला. भावाला त्यांनी जन्मात कधी दुखावलं नव्हतं.

"तुझं काम माझ्या कपाटात आहे, सेवेरिनो," त्या म्हणाल्या. "मी जपून ठेवलंय. आतून सान पेद्रोची बोटं आहेत त्यात, ती तुझ्यामुळे वाचली. पण तू हात लावतोयस ते काम हिचं आहे. एउफेमियाचं, या फेमिंगचं. आपल्या बेटावरचं."

डॉन सेवेरिनो एकदा बहिणीकडे, एकदा पावलाकडे बघत राहिले. मग खुर्ची ओढून फेमिंगच्या समोर बसले. माणूस दिलाचा वाईट नव्हता.

"किती वर्षं टिकेल?" त्यांनी विचारलं.

"दर तीन वर्षांनी रंगाचा हात द्या. कुठे टवका उडाला तर त्याच दिवशी मला सांगा, पुढच्या सणाची वाट बघू नका," फेमिंग म्हणाली. "एवढं केलंत तर तुम्ही आम्ही जाऊ, तो इथेच उभा असेल."

डॉन सेवेरिनोंनी मान हलवली. थोडा वेळ जेवले. मग घसा खाकरला.

"मानांग, माझी शहरात एक छोटी लाँच आहे. लाकडाची. तळातून जरा पाणी येतं. पुढच्या आठवड्यात पाठवून देऊ का?"

फेमिंगने सालीचा आणखी एक तुकडा उचलला, सावकाश चावला, गिळला.

"पुढच्या आठवड्यात नाही जमणार," ती म्हणाली. "ऑगस्टनंतर पाठवा. आणि येताना आधी वाळवून आणा."